फाल्गुन-चैत्रातील दिनविशेष फळ्यावर लिहिताना तिथी धरावी की तारीख?

जिन्याखालचा फळा (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका पेठेतल्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो आणि जिन्याखालच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. एरवी हे काम दहा मिनिटांचे असते. मात्र थंडी ओसरून आंब्याचा मोहोर दिसू लागला, की माघाच्या अखेरीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत माझी रोज तारांबळ उडते, कारण या दोन-अडीच महिन्यांत जयंत्या, पुण्यतिथ्या आणि लढायांचे दिवस दाटीने येतात आणि त्यांतले निम्मे तिथीने, तर निम्मे तारखेने पाळले जातात.

शिवजयंतीचेच पाहा. शासकीय जयंती १९ फेब्रुवारीला होते, त्या दिवशी शाळेत कार्यक्रम असतो. पुढे फाल्गुन वद्य तृतीयेला काही ठिकाणी तिथीप्रमाणे जयंती होते. आणि आमच्या शहरातल्या तालीम मंडळांची मोठी मिरवणूक निघते ती वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. एकाच शहरातील मुले एकाच वर्षात तीन शिवजयंत्या पाहतात आणि साहजिकच मला विचारतात, ‘सर, यातली खरी कोणती?’

गेल्या वर्षी माझी फजिती झाली ती निराळीच. फळ्यावर ‘शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया’ असे लिहिले होते. एका विद्यार्थ्याने मीच शिकवलेल्या रीतीने शकात ७८ मिळवून त्याखाली १६२९ असा आकडा घातला, आणि शेजारीच चिकटवलेल्या छापील तक्त्यावर १६३० होते. कुणा पालकांनी त्याचे छायाचित्र काढून पालकांच्या गटावर टाकले आणि ‘शाळेलाच सन माहीत नाही’ अशी चर्चा दोन दिवस चालली. चूक माझी होती हे मी मान्य केले, पण ती नेमकी कुठे झाली हे मला मुलांना धडपणे सांगता आले नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. तिथी आणि तारीख यांचा मेळ घालण्याची खात्रीची रीत कोणती, फळ्यावर दोहोंपैकी काय लिहावे, आणि करवीर परिसराशी थेट संबंध असलेले या दिवसांतले कोणते प्रसंग माझ्या यादीतून सहसा निसटतात, हे कृपया सांगावे. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन मला ठाऊक आहेत. तेवढे वगळले तरी चालेल.

पंचांगवाचक

आपली फजिती ज्या आकड्याने केली त्यापासूनच सुरुवात करतो, कारण ही चूक याच ऋतूत होते. शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला. म्हणून पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण जानेवारी उजाडला की इसवी सन एकाने पुढे जातो आणि शक मात्र पाडव्यापर्यंत जुनाच राहतो, त्यामुळे त्या काळात ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्येच पडतो. त्याच हिशेबाने शके १५९५ चा वद्य माघ १६७४ मध्ये आणि शके १६१० चा फाल्गुन १६८९ मध्ये येतो. आपल्या विद्यार्थ्याची बेरीज बरोबर होती, त्याला दिलेले सूत्र अपुरे होते.

दुसरा घोळ तारखेच्या पोटात आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १९ फेब्रुवारी १६३० ही आज भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेची तारीखच नव्हे. युरोपात त्या वेळी दोन कालगणना चालू होत्या. रोमच्या पोपने १५८२ मध्ये जुनी ज्युलियन गणना दहा दिवसांनी दुरुस्त केली आणि ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर धरला. पोर्तुगिजांनी ही दुरुस्ती लगेच स्वीकारली. इंग्रजांनी मात्र ती १७५२ पर्यंत मानली नाही आणि मानली तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आणला. परिणामी सतराव्या शतकातली एकच घटना गोव्याच्या कागदांत आणि सुरत-राजापूरच्या इंग्रज वखारींच्या कागदांत दहा दिवसांच्या फरकाने नोंदलेली सापडते. मराठ्यांच्या इतिहासातल्या आपल्या परिचयाच्या बहुतेक तारखा या जुन्या, इंग्रजी वळणाच्या आहेत.

याचा पडताळा मुलांकडून करून घेता येईल. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या शकवार नोंदींच्या यादीत, शिवजन्माची नोंद शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. संगणकावर आजच्या गणनेने १९ फेब्रुवारी १६३० चा वार काढला तर मंगळवार येतो, आणि मूल म्हणते की शकावली चुकली. त्यात दहा दिवस मिळवून १ मार्च १६३० चा वार काढला, की बरोबर शुक्रवार येतो. म्हणजे शकावलीतली तिथी आणि वार एकमेकांशी जुळतात. आपण तारखेवर लावलेली चिठ्ठी तेवढी जुन्या गणनेची आहे. एका तासिकेत हा प्रयोग होतो आणि मुलांना साधनांची छाननी म्हणजे काय हे व्याख्येशिवाय कळते.

इंग्रजांच्या जुन्या कागदांत याच दिवसांत आणखी एक खड्डा आहे. त्यांचे वर्ष १७५२ पूर्वी २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतच्या पत्रांवर मागचे वर्ष दिसते किंवा १६७३/७४ असे जोडवर्ष दिसते. ते पाहून कुणी घटना एक वर्ष मागे ओढतो. वसंताच्या तोंडाशी आपलाही शक बदलतो आणि त्यांचाही सन बदलत असे, म्हणूनच या ऋतूतल्या तारखा दुप्पट काळजीने वाचाव्या लागतात.

आता तिथीची जयंती दर वर्षी का सरकते, ते. बारा चांद्रमासांचे वर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि ही तूट अधिक मासाने भरून निघते. फाल्गुन वद्य तृतीया २०२३ मध्ये १० मार्चला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे २०२४ मध्ये ती २८ मार्चला गेली आणि २०२५ मध्ये ११ दिवस मागे येऊन १७ मार्चला पडली. हे तीन आकडे फळ्यावर शेजारी लिहिले, तर अधिक मास समजावण्यासाठी वेगळे उदाहरण शोधावे लागणार नाही.

तालमीचा एक कार्यकर्ता

मास्तर, वरचे उत्तर विद्वत्तापूर्ण आहे आणि ते मला मान्य आहे. फक्त वैशाख शुद्ध द्वितीयेची जयंती फळ्यावर ‘चुकीची’ म्हणून लिहू नये एवढे सांगण्यासाठी हा मजकूर लिहीत आहे. लोकमान्यांच्या प्रेरणेने शिवोत्सव सुरू झाला तेव्हा बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, हेच जन्मवर्ष सर्वत्र मानले जात होते आणि ६ एप्रिल १६२७ ही तारीख पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांनी पाठ केली. जेधे शकावली उजेडात आली, शिवभारत या शिवकालीन संस्कृत काव्याचा आधार मिळाला, अभ्यासकांचे मत १६३० कडे वळले आणि पुढे शासनानेही १९ फेब्रुवारी स्वीकारली. पण तोवर पेठापेठांत उत्सवाची घडी बसली होती. आमच्या आजोबांनी ज्या दिवशी पालखीला खांदा दिला तो दिवस आम्ही सोडला नाही, याचा अर्थ आम्हाला संशोधन कळत नाही असा नव्हे.

माझ्या मते त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. फेब्रुवारीत मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात आणि शिवारात ऊसतोड चालू असते. वैशाखात शाळांना सुटी, कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपलेला आणि माणसे मोकळी. मिरवणुकीला माणूस लागतो, आणि तो वैशाखात मिळतो.

तारीख दुरुस्त करण्याचे वावडे या शहराला मुळीच नाही. राजर्षी शाहू महाराजांची जयंती पूर्वी २६ जुलैला होत असे. जन्मदिवस २६ जून १८७४ असल्याचे निश्चित झाल्यावर आपण सगळे २६ जूनला दसरा चौकात जाऊ लागलो आणि आज तो दिवस राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. शिवजयंतीच्या बाबतीत जुना दिवस टिकला, शाहू जयंतीच्या बाबतीत टिकला नाही. या फरकाचे कारण आपण वर्गात विचारावे; मुलांची उत्तरे मला ऐकायला आवडतील.

वारणाकाठ

आपण करवीर परिसरातले निसटणारे प्रसंग विचारले आहेत. यादी देण्याआधी एक गोष्ट सुचवतो. फाल्गुनाचा वद्य पक्ष आपण कधी सलग पंधरा ओळींत मांडून पाहिला आहे का? द्वितीयेला तुकाराम बीज, तृतीयेला शिवजन्म, पंचमीला आपली रंगपंचमी, षष्ठीला नाथषष्ठी, नवमीला छत्रपती राजाराम महाराजांचा सिंहगडावरील मृत्यू, त्रयोदशीला कोंडाजी फर्जंदांनी घेतलेला पन्हाळा आणि अमावास्येला छत्रपती संभाजी महाराजांचा वध. त्यानंतरचा दिवस पाडव्याचा. तारखांनी लिहिले तर हे प्रसंग १९ फेब्रुवारीपासून ११ मार्चपर्यंत विखुरतात, आणि तेही वेगवेगळ्या वर्षांच्या अधिक मासांमुळे उलटसुलट क्रमाने. तिथीने लिहिले तर ते एका पंधरवड्यात ओळीने उभे राहतात. शके १६११ चा तो पाडवा रायगडावर कसा उजाडला असेल याची कल्पना ‘११ मार्च १६८९’ या आकड्याने येत नाही, ‘फाल्गुन अमावास्या’ या शब्दांनी येते. म्हणून सतराव्या शतकापुरता मी तिथीच्या बाजूचा आहे.

आता पन्हाळा. हा गड १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यानंतर आदिलशाहीकडे द्यावा लागला, आणि १३ वर्षांनी, ६ मार्च १६७३ च्या रात्री, कोंडाजींनी ६० निवडक माणसांनिशी कडा चढून तो परत मिळवला. मुलांना सुटकेची आषाढातली रात्र आणि घोडखिंड तोंडपाठ असते. गड परत आला ती फाल्गुनातली रात्र क्वचितच कुणाला माहीत असते. शाळेपासून २० किलोमीटरवर असलेल्या गडाबाबत हे जरा खटकते. रात्रीच्या घटनांविषयी एक सूचना अशी, की आपली तिथी सूर्योदयाची धरतात आणि इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो. त्यामुळे दोन ग्रंथांत एका दिवसाचा फरक दिसला तर लगेच कुणाला दोष देऊ नये. राजाराम महाराजांच्या मृत्यूची तारीख कुठे २ मार्च तर कुठे ३ मार्च १७०० अशी छापलेली आढळते, पण तिथी फाल्गुन वद्य नवमीच असते.

नेसरी तर आपल्याच जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यात आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा सहकाऱ्यांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. तो दिवस महाराष्ट्र महाशिवरात्रीचा म्हणून स्मरणात ठेवतो. उमराणीला हाती आलेला खान प्रतापरावांनी सोडून दिला आणि त्याबद्दल महाराजांनी त्यांना खरमरीत शब्दांत कानउघाडणी केली, हे कारण सांगितल्याशिवाय ते सात घोडेस्वार नुसते चित्रातले वीर होऊन बसतात. राज्याभिषेक अवघ्या साडेतीन महिन्यांवर आला होता, हेही जोडीला सांगावे.

करवीरच्या गादीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत उपेक्षित तारीख १३ एप्रिल १७३१ ही आहे. त्या दिवशी सातारच्या शाहू महाराजांत आणि कोल्हापूरच्या संभाजी महाराजांत वारणेचा तह झाला आणि वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकडे राहिला. आमच्या गावातून नदी दिसते. तिच्या पलीकडचा जिल्हा वेगळा का, याचे पहिले उत्तर त्या तहात आहे.

१७५२ नंतरच्या तारखांत गणनेचा घोळ उरत नाही, तेव्हा तिथे निःशंकपणे तारीखच लिहावी. १७ मार्च १८८४ रोजी कागलकर घाटग्यांचे नऊ वर्षांचे यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षात, त्यांनी कारभार हाती घेतला. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. गाव तेव्हा कागल जहागिरीत होते, आज ते हातकणंगले तालुक्यात आहे. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, त्यांना २९ वे वर्षही पुरे व्हायचे होते, आणि महाराजांनी भर परिषदेत सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. बरोबर सात वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडचे चवदार तळे. मार्चच्या या आठवड्यात फळ्यावर माणगाव असेल तर महाडचा सत्याग्रह अचानक घडल्यासारखा वाटत नाही, म्हणून माणगाव वगळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शिवाय १६ मार्च १९४६ हा उस्ताद अल्लादिया खाँ यांचा स्मृतिदिन आहे; जयपूर-अत्रौली घराण्याचे हे गायक शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर दरबारी होते. आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. वरचे पंचांगवाचकांचे उत्तर वाचताना लक्षात आले, की शिवजन्माचा दिवस आजच्या गणनेने १ मार्चच येतो. योगायोग आहे, त्याचा अर्थ काढत बसू नये. पण मला तो लिहिल्यावाचून राहवले नाही.

निवृत्त ग्रंथपाल

पंचांगवाचकांचे गणित निर्दोष आहे, तरीही फळ्यावर शिवजयंतीची तारीख १ मार्च अशी लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बदललेली तारीख लिहायची तर सगळ्याच बदलाव्या लागतील, आणि मग मुलाच्या हातातले पाठ्यपुस्तक, किल्ल्यावरचा फलक आणि शाळेचा फळा यांत तीन वेगळे आकडे दिसतील. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ असा होता. तो नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२ धरला जातो, दिवस आणि वर्ष दोन्ही बदलून. तिथे ते जमले, कारण ते स्वतः हयात असताना कायदा बदलला. रशियात १९१७ साली स्त्रिया महिला दिनानिमित्त रस्त्यावर उतरल्या त्या जुन्या गणनेच्या २३ फेब्रुवारीला. जग तो दिवस ८ मार्चला पाळते आणि त्या उठावाला मात्र फेब्रुवारी क्रांतीच म्हणते. म्हणजे जगातही एकच रीत नाही. ज्या आकड्याने दिवस रूढ झाला तो आकडा ठेवावा आणि तो कुठल्या गणनेचा हे शेजारी लिहावे, एवढे पुरे आहे.

तिथी आणि तारीख यांचे भांडण लावण्याची गरज कोल्हापूरकरांना तर नाहीच. अंबाबाईच्या देवळात नवरात्र तिथीने बसते आणि किरणोत्सव तारखेने होतो. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे पायांपासून मुखापर्यंत चढतात, कारण तो हिशेब सूर्याचा आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा आणि दुसऱ्या दिवशी देवीचा रथ, कारण तो हिशेब चंद्राचा आहे. गाभाऱ्यात दोन्ही गणना शतकानुशतके सुखाने नांदत असतील, तर जिन्याखालच्या फळ्यावर त्यांना जागा व्हायला हरकत नसावी.

जिन्याखालचा फळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज शनिवारची शाळा सुटल्यावर फळा धुऊन त्यावर दोन उभ्या रेघा मारल्या. पहिल्या रकान्यात तिथी व शक, दुसऱ्यात रूढ तारीख, आणि १७५२ पूर्वीची असेल तर तिच्यापुढे ‘जुनी गणना’ हे दोन शब्द, तिसऱ्यात ठिकाण. तिसरा रकाना मी वारणाकाठ यांचे उत्तर वाचून वाढवला, कारण पन्हाळा, नेसरी आणि माणगाव ही नावे ओळीने दिसली की मुले आपोआप ‘आपण तिथे कधी जायचे?’ असे विचारतील.

ज्याच्या आकड्यामुळे गेल्या वर्षी गोंधळ झाला त्या विद्यार्थ्याला बोलावून ७८ आणि ७९ चा भेद त्याच्याकडूनच वर्गाला सांगवला. त्याने संगणकावर मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही काढून दाखवले आणि मग मला विचारले, ‘सर, वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ ला कोणते मिळवायचे?’ पाडवा उलटून गेलेला असल्यामुळे ७८, हे उत्तर मी देण्याआधीच मागच्या बाकावरून आले. ज्याच्याकडून आले तो मंगळवार पेठेतला आहे आणि मिरवणुकीत दर वर्षी लेझीम खेळतो.

एक शंका उरली आहे. वारणेच्या तहाच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात काय लिहावे? दोन्ही बाजूंच्या मुलखाची सीमा म्हणून मी सध्या ‘वारणा नदी’ असे लिहून ठेवले आहे. अधिक योग्य शब्द सुचल्यास सोमवारच्या प्रार्थनेआधी कळवावा.

वारणाकाठ

तेच राहू द्यावे.